घर घेताना वाचलेले पुस्तक

'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणून गेले. मुंबईकर ते दलालाच्या मागून जिने चढत पाहतो. गेल्या वर्षी आम्ही विलेपार्ले पूर्वेला असे घर पाहत होतो, तेव्हा माझ्या हाती जेन जेकब्ज यांचे 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' हे १९६१ सालचे पुस्तक होते. आपली निरीक्षणे कोणी उपनगरांना लावू नयेत, असे बाईंनी त्यात आधीच बजावले आहे. परंतु आमचे पार्ले उपनगर म्हणायचे ते नावापुरतेच! शाळा, बाजार, स्टेशन, लोकमान्य सेवा संघ, सारे पायी दहा-पंधरा मिनिटांत. बिस्किटांचा तो सुप्रसिद्ध वास मात्र २०१६ साली कारखान्याबरोबरच गेला.

न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवरील आपल्या दारातून बाईंनी जे पाहिले, ती या ग्रंथातली सर्वांत सुंदर पाने होत. सकाळी दुकाने उघडतात, मुले शाळेला निघतात. पाहुण्यासाठी घराची किल्ली समोरच्या दुकानदाराकडे ठेवलेली असते. हा दुकानदार किल्ली सांभाळतो, पण पाहुणा कोण, हे विचारीत नाही. बाईंना हा भेद समजावून सांगायला पानेच्या पाने लागली. मराठीत 'ओळख' आणि 'घरोबा' असे दोन शब्द तयार आहेत. 'बटाट्याची चाळ' (१९५८) वाचून हसलेल्यांना नुसता घरोबा म्हणजे काय, ते सांगायला नको. आम्हांला हवी होती ती ओळख.

पुढे बाई म्हणतात की, रस्ता जिवंत राहायचा तर जुन्या इमारती हव्यात. नव्या इमारतीचे भाडे शिंप्या-चांभाराला परवडत नाही. अगदी खरे. परंतु आम्हांला दाखविलेल्या जुन्या घराला लिफ्ट नव्हती, आणि आईचे गुडघे सत्तरीचे. लिफ्ट होती ती नव्या मनोऱ्यात. त्याच्या खालच्या चार मजल्यांवर मोटारी उभ्या. रस्त्याकडे पाहणारी एक खिडकी नाही. यश आपल्याच वस्तीला कसे खाऊन टाकते, यावर बाईंचे एक मार्मिक प्रकरण आहे. परंतु त्यात खाणारे असतात ते जास्त भाडे मोजणारे धंदे. जिना न चढवणारी म्हातारी तिथे कुठेच नाही. पुस्तक निघाले तेव्हा लेखिका पंचेचाळिशीच्या होत्या, हे मला पानोपानी जाणवले. त्यांनी फुटपाथ पाहिला, जिना पाहिला नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथातले हे मला मोठे न्यून वाटते.

निवाडा अखेर आईनेच केला. "अरे, लिफ्टने खाली उतरून मी जाऊ कुठे? मोटारी बघायला?" आम्ही जुने घर घेतले, दुसऱ्या मजल्यावरचे. आई दिवसातून एकदाच उतरते, पण उतरली की तासभर वर येत नाही. भाजीवालीने तिच्यासाठी एक खोके उपडे घालून ठेवले आहे.

आता आमच्याही इमारतीच्या पुनर्विकासाची सभा दिवाळीनंतर भरायची आहे. लिफ्ट मिळणार म्हणून माझा विरोध लटका पडतो. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने चार गाळे ठेवावेत आणि त्यातला एक आताच्या शिंप्याला त्याच्या आताच्याच भाड्याने द्यावा, अशी उपसूचना आमच्या सौ.ने लिहून दिली आहे. बिल्डर ती वाचून हसला म्हणतात. जेकब्जबाईंचे ते प्रकरण मी चिटणिसांना वाचायला दिले आहे. अजून परत आलेले नाही.