एलायझा हिरवी झाली म्हणून डास मलेरिया पसरवतो का?

गोठ्यातून पकडलेल्या अ‍ॅनाफिलीस डासांची पहिली प्लेट लावली तेव्हा तीन वेल्स हिरव्या झाल्या. मी आनंदात लगेच सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "उकळून परत लावलंस का?" नव्हतं लावलं. उकळल्यावर एकही हिरवी राहिली नाही!

म्हणून आज २०११ चा एक पेपर घेतोय. मलेरिया जर्नलमधला, ड्युर्नेझ आणि सहकाऱ्यांचा, सीएसपी एलायझातल्या खोट्या पॉझिटिव्हवर. सीएसपी म्हणजे स्पोरोझॉइटच्या अंगावरचं प्रथिन. डासाचं डोकं-छाती बफरमध्ये चेचायची आणि अँटीबॉडीनं हे प्रथिन पकडायचं, एवढीच चाचणी. आग्नेय आशियातल्या डासांवर लेखकांनी दाखवलं, की जनावरांचं रक्त पिणाऱ्या डासांत भलतंच काहीतरी पॉझिटिव्ह देतं. लायसेट १०० अंशांवर १० मिनिटं ठेवलं की ते नष्ट होतं, सीएसपी मात्र टिकतं. इतका स्वस्त उपाय सुचवणारे पेपर कमीच.

आपल्याला तर हे जास्तच लागू आहे. ग्रामीण भारतातला प्रमुख वाहक अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस बहुतेक वेळा गुरांनाच चावतो. आता हिशेब करून बघा. समजा १००० डासांत खरे बाधित ५ आणि चाचणी १ टक्का वेळा खोटं पॉझिटिव्ह देते. म्हणजे खरे ५ आणि खोटे जवळपास १०. तुमचा स्पोरोझॉइट दर तिप्पट झाला. चावण्याच्या दराशी गुणून काढलेला ईआयआरही तिप्पट.

माझी तक्रार पेपरपेक्षा तो वाचणाऱ्यांबद्दल आहे. "उकळलं, विषय संपला" असं धरून चालतात. पण सीएसपी जठराच्या भिंतीवरच्या ऊसिस्टमध्येच तयार होऊ लागतं, आणि तिथून सुटलेले स्पोरोझॉइट लाळग्रंथीत शिरण्याआधी डासाच्या शरीरद्रवात फिरत असतात. छातीत सीएसपी सापडलं म्हणजे लाळेत परजीवी आहे, असं होत नाही. पीसीआर जोडलात तरी डीएनए आहे एवढंच कळतं. लाळग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं वेळखाऊ आहे. ताजे डास लागतात, हात बसावा लागतो, आणि एवढं करून फाल्सिपेरम की व्हायव्हॅक्स ते कळत नाहीच. पण ग्रंथीतला स्पोरोझॉइट प्रत्यक्ष दिसतो तो तिथेच.

तुमच्याकडे वाळवून ठेवलेलेच डास असतील तर हा मार्ग बंद. मग निदान तक्त्यात "संसर्गक्षम" लिहू नका, "सीएसपी पॉझिटिव्ह" लिहा, आणि उकळण्याआधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे द्या.