छायाचित्रसंग्रह आणि रिक्त आसन

बौद्ध शिल्पाच्या अभ्यासात छायाचित्र हे साधन नवे नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये भारहुतच्या स्तूपाचे अवशेष आढळले आणि १८७९ मध्ये त्यांचा त्यावरील ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. तथापि, आशियाभरच्या बौद्ध कलेचा एकत्रित विचार करू इच्छिणाऱ्यास आज ज्या संग्रहाकडे वळावे लागते, तो जॉन व सुझन हंटिंग्टन या विद्वान दांपत्याचा होय. ओहायो स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत असता उभयतांनी देशोदेशी फिरून जमविलेल्या या संग्रहात सुमारे ३ लाख छायाचित्रे आहेत. एवढा मोठा संचय अभ्यासकांना खुला करण्यातील औदार्य निर्विवाद आहे. येथे प्रश्न वेगळा आहे : असा संग्रह पुरावा पुरवितो की निर्णयही देतो?

या प्रश्नाची कसोटी खुद्द सुझन हंटिंग्टन यांच्याच एका प्रतिपादनावर लावता येते. प्रारंभीच्या बौद्ध शिल्पात तथागतांची मानवी आकृती आढळत नाही. तिच्या जागी बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे अथवा रिक्त आसन दिसते. ही तथागतांच्या चरित्रातील प्रसंगांची प्रतीके होत, असे मत फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांच्या काळापासून रूढ झाले. १९९० मध्ये 'आर्ट जर्नल'मधील लेखात सुझन हंटिंग्टन यांनी या मतास आव्हान दिले. अशी पुष्कळ शिल्पे चरित्रप्रसंग दाखवीत नसून, पवित्र स्थळी उपासक करीत असलेली पूजाच दाखवितात, असे त्यांनी मांडले. विद्या देहेजिया यांनी १९९१ मध्ये 'आर्स ओरिएंटॅलिस'मध्ये उत्तर दिले : एकच चिन्ह प्रसंगी तथागतांचे, प्रसंगी स्थळाचे आणि प्रसंगी धम्मगुणाचे द्योतक असू शकते.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. वृक्षापुढे हात जोडणारी आकृती म्हणजे तथागतांच्या सन्निध आलेला समकालीन राजा, की कित्येक शतकांनंतर त्या स्थळी आलेला तुमच्याआमच्यासारखा उपासक? पहिला अर्थ घेतल्यास शिल्प चरित्रकथा ठरते. दुसरा घेतल्यास ते संघाच्या आणि उपासकांच्या आचरणाचा दस्तऐवज ठरते. कालिंगबोधि जातकात शारीरिक, पारिभोगिक व उद्देसिक असे चेतियांचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तथागतांच्या हयातीतही बोधिवृक्ष हे चेतिय होऊ शकते असे मानले आहे. स्थळपूजा ही मूर्तीच्या अभावी शोधलेली पळवाट नव्हती, हे सुझन हंटिंग्टन यांच्या विवेचनाचे सार आम्हांस महत्त्वाचे वाटते.

परंतु भारहुतचे शिलालेख या प्रतिपादनास मर्यादा घालतात. तेथे एका दृश्याखाली अजातसत्तू भगवंतांना वंदन करीत असल्याचे कोरले आहे. दुसऱ्या दृश्यात एरपत नागराजाही भगवंतांनाच वंदन करतो, असे लेख सांगतो. दृश्यांत भगवंत आकृतिरूपाने नाहीत. लेखात मात्र ते आहेत. अशा ठिकाणी केवळ 'वृक्षपूजा' वा 'आसनपूजा' अशी नोंद अपुरी पडते. म्हणून सरसकट एकच सूत्र न लावता शिल्पागणिक निर्णय करावा, हे देहेजिया यांचे धोरण आम्हांस अधिक ग्राह्य वाटते.

यातून संग्रहाच्या मूल्यमापनाचा निकष हाती येतो. छायाचित्राखालील नोंद हाच एक निर्णय असतो. 'बुद्धदर्शन' म्हटले की वाचक एक पाहतो, 'बोधिवृक्षपूजा' म्हटले की दुसरे. देश, स्थळ, काळ आणि मूर्तिलक्षण यांनुसार केलेली मांडणी कलेतिहासकारास सोयीची असते. परंतु तिच्यात शिल्प घडविण्यासाठी दान देणारा माणूस मागे पडण्याचा धोका असतो. भारहुतच्या वेदिकेवर भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका यांची दाने नोंदली आहेत. त्यांत करहकट निगमाचेही दान आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. मध्य भारतातील स्तूपासाठी कृष्णाकाठच्या नगराने दान द्यावे, ही वस्तुस्थिती शैलीच्या कोणत्याही रकान्यात सामावत नाही. ती कळण्यास लेखच वाचावा लागतो.

असे असले तरी या संग्रहाचे मोठेपण कमी होत नाही. संग्राहिकेचा सिद्धान्त ज्यांना पटत नाही, त्यांनाही तो तपासण्याचे साधन हा संग्रहच देतो. स्वतःच्या मताविरुद्ध वापरता येईल असा पुरावा जतन करून तो सर्वांपुढे ठेवणे, ही विद्येची प्रामाणिक सेवा होय. आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांनी तिचा लाभ घ्यावा. मात्र छायाचित्राबरोबर ब्राह्मी लेखाचे वाचन आणि पाली ग्रंथांचा आधार ठेवल्याविना घेऊ नये. नोंद दुसऱ्याने लिहिली असली, तरी रिक्त आसनाचा अर्थ लावण्याची जबाबदारी आपलीही आहे.