उपवास ‘नित्य’ खरा, पण तो निभावतं कोण?

चैत्र नवरात्रावर काम करतेय असं सांगितलं की काष्टीत हमखास विचारतात, “नवरात्र तर दसऱ्याचं ना?” प्रश्न रास्त आहे. श्रीगोंदा तालुक्यात काय किंवा शेजारच्या राशीनला यमाईच्या गावात काय, मोठा सोहळा अश्विनातला. पाडव्यापासून नवमीपर्यंतचे नऊ दिवस बहुतेकांना रामाचं नवरात्र म्हणूनच माहीत असतात. देवीचा चैत्र आपल्याकडे वेगळ्या वाटेने येतो: सप्तशृंगगडावर रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत भरणारी यात्रा, तुळजापूरची चैत्री पौर्णिमा, आणि तृतीयेला घरोघर बसणारी चैत्रगौर. तरीही हे नऊ दिवस देवीचा उपवास धरणाऱ्या बायका या भागात भेटतात. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यांच्यावर आहे.

या प्रकरणासाठी जो लेख टाळताच येत नाही, त्याबद्दल आज लिहायचं आहे. मेरी मॅकगी या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठात हिंदू स्त्रियांच्या व्रतांवर प्रबंध सादर केला. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रातल्या बायकांशी बोलून काम केलं होतं. पुढे ज्युलिया लेस्ली यांनी संपादित केलेल्या १९९१ च्या ग्रंथात त्यांचा लेख आला. मुद्दा थोडक्यात असा. धर्मशास्त्राचे निबंधकार व्रतं साधारणपणे ‘काम्य’ धरतात, म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेली. हवं असेल तर करा, नको असेल तर सोडा. बायका मात्र तीच व्रतं ‘नित्य’ असल्यासारखी करतात. ती त्यांच्या लेखी कर्तव्यं असतात, आणि या सगळ्याच्या मध्यभागी सौभाग्य असतं.

हा लेख मोठा का आहे, ते आधी सांगते. त्याआधीचा अभ्यास बराचसा ग्रंथांतून खाली पाहणारा होता. पां. वा. काण्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’च्या पाचव्या खंडात व्रतांची भलीमोठी यादी आहे. तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही, पण तिच्यात व्रत करणारी बाई बोलत नाही. मॅकगींनी ग्रंथ आणि बाई समोरासमोर बसवले आणि दोघांचं म्हणणं जुळत नाही हे दाखवलं. “उपास का धरता?” असं विचारलं तर काष्टीत आजही उत्तर येतं, “धरायचाच असतो.” यात मागणं नाही, फळ नाही. मॅकगींचं निरीक्षण इथे तंतोतंत बसतं.

पण माझ्या मते याच उत्तरापाशी लेख लवकर थांबतो. “धरायचाच असतो” म्हणजे कुणी ठरवलं, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

चैत्राचंच उदाहरण घ्या. नवरात्राचा पहिला दिवस म्हणजे पाडवा. घरात गुढी उभी राहते, पुरण शिजतं. अश्विनातल्या घटस्थापनेला असा पेच नसतो, कारण त्या दिवशी सगळं घरच उपवासाच्या चालीवर असतं. चैत्रात मात्र उपवास एकटीचा आणि सण सगळ्यांचा. पुरणपोळ्या बहुतेक वेळा तीच लाटते आणि स्वतः भगर खाते. त्यात हे दिवस उन्हाळी कांद्याच्या काढणीचे. उक्त्या कामावरच्या टोळीत उपवास आहे म्हणून वाफा लहान होत नाही. ‘नित्य’ या शब्दात कर्तव्य दिसतं, पण त्या कर्तव्याखालची मजुरी दिसत नाही.

दुसरा मुद्दा सौभाग्याचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सौभाग्याची चौकट चपखल बसते. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आणि आमंत्रण फक्त सवाष्णींना. नवरा गेलेल्या बाईला या ओसरीवर रिवाजाने जागा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याला एवढं महत्त्व आलं ते या रिवाजामुळेच. पण देवीचा उपवास ती बाईही धरते, कित्येकदा जास्त कडक. सौभाग्य हेच व्रताचं केंद्र मानलं, तर ती कशासाठी धरते? हळदीकुंकू आणि उपवास या दोन गोष्टी अभ्यासात वेगळ्या काढायला हव्यात, असं मला वाटतं. एकीत दारावर सवाष्ण आहे की नाही ते पाहिलं जातं, दुसरीत कुणी विचारत नाही. तिच्यासाठी देवीजवळ जायची ही मोकळी वाट असू शकते.

इथे कुणी अ‍ॅन पिअर्सन यांचं १९९६ चं पुस्तक पुढे करेल. बनारसच्या बायकांनी त्यांना सांगितलं, की उपवासाने मनाला शांती मिळते, आणि तेच पुस्तकाचं शीर्षक झालं. मला ते खरं वाटतं. नऊ दिवस आपल्या ताटात काय येणार हे आपण ठरवायचं, यात एक ताबा आहेच. पण शांती मिळते आणि दमही लागतो, ही दोन्ही वाक्यं एकाच बाईची असू शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला. त्याचा दोष उपवासाला द्यायचं कारण नाही, पण उपवास करणारं शरीर कोणतं, ते तरी लिहायला नको का?

गंमत अशी की या बाबतीत ग्रंथ घरापेक्षा मऊ आहेत. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं जुनं वचन आहे. अशक्त माणसाऐवजी दुसऱ्याने व्रत करावं, अशीही सोय आहे. देवीभागवतात तर शरद आणि वसंत हे दोन ऋतू यमाच्या दाढा म्हटले आहेत, कारण त्या काळात रोगराई वाढते, आणि म्हणून तेव्हा देवीची पूजा सांगितली आहे. म्हणजे मूळ काळजी जीव वाचवण्याची होती. आपल्याकडेही ‘उठता-बसता’ म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा उपवास चालतो, तो याच शहाणपणातून आलेला वाटतो.

मग मॅकगी चुकल्या का? नाही. त्यांनी विचारलं, बाई व्रताला काय मानते. त्यापुढचा प्रश्न आता आमच्या पिढीचा आहे: तिचं व्रत निभावलं जावं म्हणून घरातलं कोण काय सोडतं? त्यामुळे माझ्या प्रश्नावलीत “उपवास का धरता?” हा प्रश्न आता पहिला नाही. पहिला आहे, “पाडव्याला पोळ्या कुणी केल्या?” हा प्रश्न घरातल्या पुरुषांनाही विचारणार आहे.