‘लसूण पाच-सहा पाकळ्या’ : एका ओळीबद्दलची तक्रार

मराठीतली कुठलीही तिखट-मिठाची पाककृती उघडा, जुन्या पुस्तकातली असो की मोबाइलवरची. साहित्याच्या यादीत एक ओळ बहुतेक वेळा सापडतेच : लसूण पाच-सहा पाकळ्या. हल्ली तर तेवढंही नाही, ‘आलं-लसूण पेस्ट एक चमचा’ म्हटलं की काम झालं. मी अन्नरसायनशास्त्रात पीएच.डी. करते. गंधकाची संयुगं हा माझा रोजचा विषय (आणि घरच्यांच्या मते माझा रोजचा वास). त्यामुळे या ओळीवर माझा जुना राग आहे. ओळ खोटी नाही. ती लसणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, एवढंच.

पाकळी म्हणजे केवढी, हा साधा प्रश्न बाजूलाच ठेवू. शहागंजच्या मंडईत गावरान लसणाची बोटाच्या पेरापेक्षा बारीक पाकळी मिळते आणि शेजारच्याच ढिगात तिच्या तिप्पट जाड. पण माझी खरी तक्रार मापाबद्दल नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० नंतर किती घरांना हाताशी धरून स्वयंपाक शिकवला ते आपल्याला माहीत आहे, मापाला मी नावं ठेवणार नाही. तक्रार अशी की लसणाची चव पाकळ्यांच्या संख्येइतकीच, किंबहुना जास्त, तुम्ही पाकळीचं काय केलं आणि कधी केलं यावर ठरते. आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं.

का, ते सांगते. अख्खी, न दुखावलेली पाकळी नाकाला लावून बघा. फारसा वास नाही. लसणाच्या पेशीत अ‍ॅलिइन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात असतो आणि अ‍ॅलिनेझ हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. तुम्ही ठेचता तेव्हा मधली भिंत फुटते, दोघं एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. ते झोंबणारं, नाकात जाणारं, ज्याला आपण ‘लसणाचा वास’ म्हणतो ते हेच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. म्हणजे लसणाचा वास लसणात नसतोच, तो तुम्ही खलबत्त्यात तयार करता. सुरीने मोठे तुकडे केले तर थोड्याच पेशी फुटतात, ठेचलं तर पुष्कळ, पाट्यावर वाटलं तर जवळजवळ सगळ्या.

आता यात उष्णता आणा. एन्झाइम हे प्रथिन आहे, तापलं की निकामी होतं. अख्खी पाकळी गरम तेलात टाकली तर भिंती फुटण्याआधीच एन्झाइम संपतं, म्हणून ती गोडसर, मऊ लागते. ठेचून टाकलेल्या लसणात अ‍ॅलिसिन आधीच झालेलं असतं. ते तेलात मोडतं आणि त्यातून दुसरी गंधकाची संयुगं निघतात. खमंग फोडणीचा वास तो यांचा. तोच लसूण, तेवढ्याच पाकळ्या, पण पदार्थ दोन.

आपल्या मराठवाड्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण-जिरं वाटून, तिखट-मीठ घालून पीठ घट्ट मळायचं, त्याच्या वळ्या करायच्या आणि उकळत्या रश्श्यात सोडायच्या. त्या रश्श्याला फोडणी असते, तिच्यात पुन्हा ठेचलेला लसूण. म्हणजे एकाच पातेल्यात दोन लसूण आहेत. पिठातला कच्चा वाटलेला, जो पाण्यात शिजून सौम्य होतो आणि चावल्यावर कळतो. आणि फोडणीतला तळलेला, जो आधी नाकाला कळतो. यादीत हे सगळं ‘लसूण १०-१२ पाकळ्या’ असं एका ओळीत बसतं. ती वाचून एखाद्याने सगळा लसूण फोडणीत घातला, की शेंगोळे पिठूळ लागतात आणि रस्सा कडवट होतो. मग दोष हुलग्याला.

कडवट का, हेही बघा. लसणात पाणी कमी आणि साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर. कांदा दहा मिनिटं परतता येतो, कारण आधी त्यातलं पाणी आटावं लागतं. बारीक ठेचलेला लसूण अर्ध्या मिनिटात सोनेरी होतो आणि पुढच्या काही सेकंदांत जळतो. कांदा आणि लसूण ‘एकत्र लालसर परता’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे लिहिणाऱ्याने ते स्वतः करून पाहिलं होतं का, अशी शंका मला येते.

आता दुसऱ्या बाजूलाही झोडते. ‘लसूण ठेचून बरोब्बर दहा मिनिटं ठेवा’ हा सल्ला तुम्ही वाचला असेल, बहुतेक ‘विज्ञान सांगतं’ या शब्दांसकट. हा आकडा २००१ साली छापून आलेल्या साँग आणि मिल्नर यांच्या अभ्यासाने प्रसिद्ध केला. तो अभ्यास उंदरांवरचा, मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या लसणाचा, आणि प्रश्न होता कर्करोगाशी संबंधित परिणामाचा. चवीचा त्यात संबंध नव्हता. नीट ठेचलेल्या लसणात अ‍ॅलिसिनचं बहुतेक काम पहिल्या मिनिटाच्या आसपास उरकतं. तेव्हा लसूण ठेचा, तोवर कढल्यात तेल तापवा, तेवढा वेळ पुरे. त्या आकड्यामागे घड्याळ लावून बसू नका.

पेस्टबद्दल थोडक्यात. विकतच्या बहुतेक पेस्टमध्ये टिकण्यासाठी आम्ल घातलेलं असतं. फार आंबट माध्यमात अ‍ॅलिनेझ काम करत नाही, आणि जे अ‍ॅलिसिन झालेलं असतं तेही साठवणीत मोडत जातं. म्हणून तो एक चमचा भाजीत ‘आहे’ एवढंच कळतं. याच कारणाने घरीही लसूण लिंबाच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात वाटू नका. आधी ठेचा, आंबट मागून. (घरची पेस्ट कधी हिरवट पडली तर घाबरू नका, ती लसणाचीच एक रासायनिक खोड आहे.)

मग ही ओळ इतकी पोकळ का राहिली? माझा पहिला तर्क सरळ होता : छापील पाककृती लिहिणारी घरं लसणापासून लांब राहणारी होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण वर्ज्य सांगितला आहे. गंमत म्हणजे गीतेच्या सतराव्या अध्यायात, जिथून सात्त्विक-राजस-तामस आहाराचा दाखला देतात, तिथे लसणाचं नावही नाही. पण माझा तर्क पूर्ण टिकत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं, आणि पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराला लसणाचं वावडं कधीच नव्हतं. तेव्हा सगळा दोष जातीच्या माथी मारता येत नाही. थोडा दोष पाककृती या लेखनप्रकाराचाच आहे. यादी वर, कृती खाली. वस्तू मोजायच्या, हातांचं काय ते वाचणाऱ्याला माहीत असेल असं धरून चालायचं.

ज्यांच्याकडे मोजायला वस्तूच कमी, त्यांचं जेवण मात्र या साच्यात मावतच नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं (भूषण कोरगावकरांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०२४ चं). मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या जेवणाची ती नोंद आहे. मी ते अन्नरसायनाच्या नजरेने वाचलं आणि एक गोष्ट डोक्यात बसली : तूप, खोबरं, गरम मसाला नसताना चव आणायची तर जे चार जिन्नस आहेत त्यांच्यावर काय करायचं, हेच ज्ञान उरतं. ते यादीत लिहिता येत नाही. आमच्या प्रयोगशाळांत यावर काम व्हायला हवं असं मी एका चर्चासत्रात म्हटलं, तेव्हा एकांनी हसून ‘हा तर किचनचा विषय’ म्हणून मला खाली बसवलं. आणि याच शहरात खोली शोधताना एका घरमालकीणबाईंनी भाड्याआधी विचारलं होतं, ‘कांदा-लसूण चालतो का तुम्हाला?’ मी हो म्हटलं. खोली मिळाली नाही.

तर भुरका. कढल्यात दोन पळ्या तेल, मोहरी, जिरं. दहाएक पाकळ्या सालीसकट जाडसर ठेचलेल्या. साल जळण्यापासून थोडा वेळ देते. कडा सोनेरी व्हायला लागल्या की लगेच तीळ आणि दाण्याचं कूट, एक हलवणं, गॅस बंद. लाल तिखट आणि मीठ गॅस बंद केल्यावरच, नाहीतर तिखट काळं पडतं. शेवटी दोन कच्च्या पाकळ्या ठेचून वरून घाला, ही माझी भर. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, आणि लसूण दोनदा लागतो का ते मला कळवा.