सडवा म्हणायचं की फर्मेंटेशन?

महाराष्ट्रात पंचविशीच्या आत रम पिता येत नाही, पण रमबद्दल वाचायला वयाची अट नाही. गेल्या काही वर्षांत असं वाचायला भरपूर मिळू लागलंय. गोव्यातल्या छोट्या डिस्टिलऱ्या, तांब्याची भांडी, ओकची पिंपं, ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा. मी हे सगळं आवडीने वाचतो. पण मी कोरपन्याचा आहे. आमच्याकडे ऊस जवळपास नाही. कापूस आहे, सिमेंटचे कारखाने आहेत आणि मोहाची झाडं आहेत. त्यामुळे बाटलीपेक्षा तिच्याबद्दल वापरल्या जाणाऱ्या भाषेकडे माझं लक्ष जास्त जातं. हा लेख त्या भाषेबद्दल आहे.

आधी चांगलं काय घडलं ते सांगतो. रम म्हणजे उसाची दारू. उसाचा रस, गूळ किंवा साखर कारखान्यातली मळी आंबवायची आणि ती गाळायची. आपल्याकडे बराच काळ रम म्हणजे मळीपासून काढलेलं जवळजवळ बिनचवीचं स्पिरिट, त्यात रंग आणि स्वाद, असाच हिशेब होता. मोहन मीकिनची १९५४पासूनची ओल्ड मंक वेगळी होती, पण तिच्यावरचं प्रेमसुद्धा हॉस्टेल, थंडी आणि मित्र यांच्या आठवणींचं. चवीबद्दल कुणी फारसं बोलत नसे. नव्या रमवाल्यांनी लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं. मळी की रस? भांडं कुठलं? किती वर्षं पिंपात होती? स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातली दारू वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, आपल्या उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून इथली बारा वर्षांची रम ही मोठी गोष्ट असते. हे कळल्यावर बाटलीची किंमत थोडी तरी समजते.

माझी अडचण पुढे सुरू होते. जरा नावं बघा. ‘माका झाय’ हे कोंकणी, म्हणजे ‘मला हवं’. ‘सेग्रेदो आल्देया’ हे पोर्तुगीज, त्यात गाव आहे आणि गुपित आहे. ‘कामीकारा’ संस्कृतातल्या ‘चामीकर’वरून, म्हणजे सोनं. तिन्ही नावं कानाला छान वाटतात आणि तिन्ही एका जुन्या, मातीतल्या परंपरेची हमी देतात. पण रम गाळण्याची गावोगावची घरगुती परंपरा आपल्याकडे फारशी नव्हतीच. ती होती काजूची, ताडामाडाची आणि मोहाची. म्हणजे नव्या रमच्या लेबलवर जे गाव दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच दारूकडून उसनं आणलेलं असतं. रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्या गोष्टीतला माणूस गायब आहे, एवढंच म्हणतो.

आता आमच्याकडचा माणूस बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. बायका-पोरं ती वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलात साखर इतकी असते की वेगळा गूळ घालायची गरज नसते. फुलं पाण्यात भिजत घालायची, हवेतल्या यीस्टने ती काही दिवसांत आंबतात, मग भांड्यावर भांडं ठेवून खाली लाकडाची आच, वर गार पाणी. वाफ थंड होते आणि धार लागते. तांब्याचं पॉट स्टिल हेच करतं. फरक भांड्याच्या घडणीचा, तापमानावरच्या ताब्याचा आणि कागदपत्रांचा.

आणि शब्दांचा. भिजवून आंबवलेल्या फुलांना चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बातम्यांत ‘सडवा’ म्हणतात. ‘मोहाचा सडवा नष्ट, आरोपींवर गुन्हा’ ही ओळ मी लहानपणापासून वाचत आलोय. हीच पायरी प्रीमियम बाटलीवर ‘स्लो फर्मेंटेशन’, ‘वाइल्ड यीस्ट’ होते. रसायन तेच. एका शब्दाला कुजका वास येतो, दुसऱ्याला पिकलेल्या केळ्याचा. मजा अशी की उत्तम रममध्ये पिकलेल्या केळ्याचा वास खरंच येतो. आंबताना तयार होणाऱ्या एस्टरांमुळे तो येतो आणि जमैकाची रम तर त्यासाठीच नावाजलेली आहे.

मराठीत दारूसाठी शब्द कमी नाहीत, पण ते बहुतेक ताकदीचे आणि परिणामांचे आहेत. ‘पहिल्या धारेची’ हा आपला सगळ्यात प्रसिद्ध शब्दही कडकपणाचाच. कसबी गाळणारा सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढतो, कारण आधी उडणारी उग्र द्रव्यं त्यात असतात. मधला भाग ठेवतो, शेवटचा पुन्हा गाळायला घेतो. म्हणजे ज्या धारेचं आपण कौतुक करतो तिची सुरुवात जाणकार टाकून देतो. काकवी, गुऱ्हाळाचा धूर, वाळत घातलेली मोहफुलं हे वास आपल्याला पक्के ओळखता येतात. ते दारूबद्दल लिहिताना वापरायची सवय मात्र लागली नाही, कारण गुन्ह्याची चव कुणी वर्णन करून सांगत नाही.

हे बदलता येतं का? शेजारी बघा. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६मध्ये सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला हेरिटेज दारू म्हणून परवाने दिले आणि त्यात आदिवासींच्या गटांना जागा ठेवली. हैतीत क्लेरँ नावाची उसाच्या रसाची रम शेकडो छोट्या भट्ट्यांत निघते. ती जगाच्या बाजारात आली तेव्हा काही बाटल्यांवर गाळणाऱ्या घराण्यांचीच नावं आली : साजू, व्हावाल, काझिमीर. आणि आपल्याकडे? १८९२मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. त्याच जुन्या ठाण्यातल्या डहाणूत आज मोहाची महागडी प्रीमियम दारू कायदेशीरपणे बनते. डिस्टिलरी हवी, परवाना हवा, भांडवल हवं. कोरपन्याच्या गुड्यावरच्या कोलाम किंवा गोंड बाईने तेच घरी केलं तर १९४९चा दारूबंदी कायदा लागू.

इथे माझी आई मला थांबवेल. तिच्यासाठी या विषयात चव हा प्रश्नच नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. आमच्या जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, २०१०मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत त्या पायी गेल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ला बंदी आली. २०२१मध्ये ती उठली. बंदीच्या काळात पैनगंगेपलीकडून यवतमाळची आणि सीमेपलीकडून तेलंगणाची बाटली येतच होती हे खरं. पण म्हणून त्या बायका चुकल्या असं होत नाही. मजुरी भट्टीवर जाते आणि रात्री मार घरी येतो, हे त्यांचं म्हणणं कुठल्याही टेस्टिंग नोटने खोडून निघत नाही. प्रीमियम रमवरच्या लेखनात हा आवाज मला अजून एकदाही भेटलेला नाही. दारूची किंमत वाढली की तिच्याबद्दलचे नैतिक प्रश्न आपोआप मिटतात, असं ते लेखन गृहीत धरतं. हीच त्याची सगळ्यात मोठी उणीव.

मग मोहाची दारू मोकळी करायची की बंद ठेवायची? हे पुण्या-मुंबईतल्या रसिकाने ठरवू नये, तसंच मीही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठी दोन्ही गोष्टी एकाच कलमात लिहून ठेवल्या आहेत : मोहफुलासारख्या गौण वनोपजाची मालकी, आणि गावात दारूला बंदी घालण्याचा किंवा तिचं नियमन करण्याचा अधिकार. म्हणजे फुलं वेचणारी, दारू गाळणारी आणि नवऱ्याच्या पिण्याने गांजलेली बाई एकाच सभेत बसते. कधीकधी ती एकच बाई असते. निर्णय तिथे व्हायला हवा.

तोवर वाचकाने एवढं करावं. पुढची ‘वारशा’ची बाटली किंवा तिच्यावरचा लेख समोर आला, की मळी की रस, पिंपात किती वर्षं, हे विचाराच. सोबत आणखी दोन प्रश्न जोडा. गाळणाऱ्याचं नाव कुठे आहे? आणि हेच काम त्याच्या गावात केलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो का?