आतबट्ट्याचा व्यवहार

आतबट्ट्याचा व्यवहार म्हणजे तोट्याचा व्यवहार, एवढ्यावर आपण थांबतो. आम्हाला ते अपुरं वाटतं. बट्टा हा सराफाच्या दुकानातला शब्द. 1835 साली कंपनी सरकारने 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला. त्याआधी, आणि नंतरही काही काळ, आपल्याकडे चांदवडी, अंकुशी असे नाना रुपये चालत. एकीकडचा रुपया दुसरीकडे नेला, की सराफ त्याची चांदी आणि झीज पाहून काही कापून घेई. तो बट्टा. (नावाला लागतो तोही बट्टाच!) म्हणजे रुपया दिसायला अख्खा, आणि घट मात्र बदलून घेताना.

म्हणून ‘आतबट्ट्याची शेती’ हे आम्हाला चपखल वाटतं. पीक भरघोस आलेलं असतं. पण हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन पट्टी हातात पडते, तेव्हा घट कळते. पटसंख्या कमी म्हणून गावची शाळा ‘आतबट्ट्याची’ म्हणणाऱ्यांनी मात्र हा शब्द सैल केला आहे. शाळेत खर्च होतो, कबूल. पण तिथे कोण कुठला रुपया बदलून घ्यायला आलं होतं?