जुळणी आणि संमती : ‘माय सिस्टर्स कीपर’ या चित्रपटाविषयी

अकरा वर्षांची अ‍ॅना एका वकिलाकडे जाते आणि म्हणते, मला आईवडिलांवर दावा लावायचा आहे. तिची थोरली बहीण केट रक्ताच्या कर्करोगाने आजारी आहे. तिची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. अ‍ॅनाने आपले एक मूत्रपिंड तिला द्यावे, हे घरात जणू ठरूनच गेले आहे. अ‍ॅनाला ते द्यायचे नाही. निक कॅसाव्हेट्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘माय सिस्टर्स कीपर’ (२००९) या अमेरिकन चित्रपटाची ही सुरुवात. जोडी पिकू यांच्या २००४ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

वरवर पाहता ही डोळ्यांतून पाणी काढणारी कौटुंबिक कथा आहे. पण शिक्षकांनी ती वेगळ्या नजरेने पाहावी. चित्रपटाचा सारा डोलारा जीवशास्त्राच्या एका धड्यावर उभा आहे.

केट लहान असतानाच तिच्या आजाराचे निदान होते. तिला अस्थिमज्जा द्यायची, तर ती ऊतीच्या पातळीवर जुळायला हवी. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी काही प्रथिने असतात. त्यांना एच.एल.ए. म्हणतात. ती घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा गटानेच पुढच्या पिढीत उतरतात. आईकडचे दोन गट क आणि ख, वडिलांकडचे ग आणि घ असे मानू. मग मुलांत कग, कघ, खग आणि खघ अशा चारच जोड्या संभवतात. म्हणजे एखादे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडे असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता १६ पैकी ७, म्हणजे सुमारे ४४ टक्के. आईवडील मात्र नेहमी निम्मेच जुळतात. हे गणित दहावीचा विद्यार्थीही फळ्यावर सोडवू शकेल.

केटच्या घरात कोणीच जुळत नाही. तेव्हा डॉक्टर एक मार्ग सुचवतात : शरीराबाहेर गर्भधारणा करायची, तयार झालेल्या भ्रूणांतून केटशी जुळणारा निवडायचा आणि तोच गर्भाशयात सोडायचा. अ‍ॅना जन्मते ती अशी. प्रथम तिच्या नाळेतले रक्त घेतले जाते. मग पांढऱ्या पेशी, मग अस्थिमज्जा. मागणी वाढतच जाते.

येथे चित्रपट विज्ञानाच्या थोडा पुढे धावला आहे. भावंडाशी जुळावे म्हणून निवडलेल्या भ्रूणापासून पहिले मूल अमेरिकेत २००० साली जन्मले. त्याच्या नाळेतल्या रक्ताचा उपयोग फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या बहिणीला झाला. चित्रपटाचा काळ २००९ धरला, तर अ‍ॅनाचा जन्म त्याच्याही आधीचा ठरतो. कथेला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

आजाराच्या निवडीबद्दल मात्र एवढे उदार होता येत नाही. केटचा आजार आहे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात १५व्या आणि १७व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार होणाऱ्या विकृत प्रथिनामुळे रक्तपेशी कोवळ्या अवस्थेतच अडकून पडतात आणि वाढत सुटतात. एके काळी हा रक्तकर्करोगाचा अतिशय घातक प्रकार मानला जाई. १९८०च्या दशकात शांघायमधील डॉक्टरांनी जीवनसत्त्व ‘अ’शी नाते असलेले एक आम्ल रुग्णांना दिले, तेव्हा या अडकलेल्या पेशी प्रौढ होऊ लागल्या. चीनमध्येच हार्बिन येथे दुसरे औषध पुढे आले, आणि ते होते चक्क सोमल! विष म्हणून आपण ज्याला ओळखतो तेच आर्सेनिकचे संयुग ते विकृत प्रथिन मोडून काढते. या दोन औषधांमुळे हा आजार आज रक्तकर्करोगाच्या सर्वांत बरे होणाऱ्या प्रकारांत गणला जातो, आणि बहुतेक रुग्णांना अस्थिमज्जा लागतही नाही. चित्रपट आला तेव्हाही ही दोन्ही औषधे वापरात होती. पुन्हा पुन्हा उलटणारा आजार असू शकतो, हे खरे. पण प्रेक्षक घरी जाताना ‘या आजारात मरण अटळ’ अशी समजूत घेऊन जातो. आपल्या गावात एखाद्या मुलाला हेच निदान झाले, तर ही समजूत घातक ठरू शकेल.

मूत्रपिंडाचीही तीच गत. त्यासाठी एच.एल.ए. पूर्ण जुळावे लागत नाही. रक्तगट आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या यांना अधिक महत्त्व असते. मग अ‍ॅनाशिवाय दुसरा दाताच का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. उत्तर दिले असते तर खटल्याची धार कमी झाली असती!

आता चित्रपटाच्या खऱ्या बळाकडे वळू. आई सारा (कॅमेरून डियाझ) पूर्वीची वकील. मुलीसाठी तिने काम सोडले आहे, आणि न्यायालयात ती स्वतःच उभी राहते. ती दुष्ट नाही. मुलीचे केस गेले तेव्हा स्वतःचेही डोके भादरून घेणारी ही आई आहे. पण एका मुलीला वाचवण्याच्या ध्यासात बाकीचे घर तिला दिसेनासे झाले आहे. मुलगा जेसी याला वाचनअक्षमता आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी अशी मुले शिक्षकांच्या ओळखीची असतात.

शेवटी न्यायालयात दडलेली गोष्ट बाहेर येते. दावा लावायला अ‍ॅनाला केटनेच सांगितले होते. उपचारांना ती थकली होती, तिला आता थांबायचे होते, आणि आईला हे सांगण्याचा दुसरा मार्ग तिला सापडत नव्हता. सोफिया व्हासिलिव्हा हिने केटचे हे थकलेपण कोठेही आक्रस्ताळेपणा न करता उभे केले आहे. ज्या मुलीसाठी सारे चालले होते, तिचे म्हणणे ऐकून घ्यायला त्या घरात जागाच उरली नव्हती. चित्रपटातला हा भाग मनाला भिडतो आणि तो खरा आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी चित्रपट अवघड प्रश्नातून निसटतो. केटला जगायचे असते तर? तरीही अ‍ॅनाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क होता का? सुरुवातीला हाच प्रश्न मांडला होता. गुपित उघड होताच दोघी बहिणींची इच्छा एकच ठरते आणि प्रश्न विरघळून जातो. केट मरण पावते, निकाल अ‍ॅनाच्या बाजूने लागतो. कादंबरीचा शेवट वेगळा आहे : तेथे अ‍ॅना खटला जिंकते, पण अपघातात जाते आणि तिचे मूत्रपिंड केटला मिळते. दोन्ही शेवटांत मृत्यू येऊन लेखकाचे काम हलके करतो.

प्रत्यक्षात अशी सुटका नसते. भारतातही भ्रूणनिवडीतून जन्मलेल्या बहिणीने थॅलॅसेमिया झालेल्या भावाला अस्थिमज्जा दिल्याची घटना घडली आहे. अहमदाबादच्या त्या मुलीचा जन्म २०१८चा, आणि प्रत्यारोपण झाले २०२० साली. तो भाऊ रक्त चढवण्याच्या फेऱ्यांतून सुटला, ही आनंदाचीच गोष्ट. अस्थिमज्जा पुन्हा भरून येते. मूत्रपिंड येत नाही. आपल्याकडे जिवंत अल्पवयीन मुलाचे अवयव घेण्यास कायद्याने मनाई आहे. अपवाद फक्त असाधारण वैद्यकीय कारणाचा, आणि त्यालाही राज्य शासनाची पूर्वसंमती लागते. म्हणजे घरच्यांचे प्रेम कितीही खरे असले, तरी मुलाच्या वतीने बाहेरच्या कोणीतरी पाहिले पाहिजे, हे कायद्याने मान्य केले आहे.

आता निम्म्या जुळणाऱ्या आईवडिलांची अस्थिमज्जाही वापरता येऊ लागली आहे, त्यामुळे ‘जुळणारे मूल जन्माला घाला’ ही निकड कमी होत आहे. तंत्र सुधारले की काही नैतिक पेच सैल होतात, सगळे नाही.

नववीपुढच्या विद्यार्थ्यांना हा चित्रपट जरूर दाखवावा. आधी एच.एल.ए.चा तक्ता त्यांच्याकडून फळ्यावर करून घ्यावा. चित्रपट संपल्यावर केटच्या गुपिताचा प्रसंग वगळून खटला पुन्हा चालवावा : केटला जगायचे आहे, अ‍ॅनाला द्यायचे नाही. न्यायाधीश वर्गाने व्हावे. तक्ता सर्वांचा सारखाच येईल. निकाल सारखे येणार नाहीत, आणि चर्चा तेथूनच सुरू करावी.